बॅटमॅनचा हिशेब कोण तपासणार?

२०१७ सालच्या 'जस्टिस लीग' या चित्रपटात एक प्रसंग आहे. विजेच्या वेगाने धावणारा बॅरी ॲलन हा पोरगा गाडीत शेजारी बसलेल्या ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, विचारतो, तुमच्याकडे नेमकी कसली शक्ती आहे? ब्रूस थंडपणे सांगतो, मी श्रीमंत आहे. थिएटरात हशा पिकला होता. मीही हसलो होतो.

हाच विनोद जरा वाकवला की त्याचा आरोप होतो, आणि बॅटमॅनच्या कुठल्याही चर्चेत तो पहिल्या पाच मिनिटांत येतोच. बापाच्या पैशावर जगणारा एक अब्जाधीश रात्री वटवाघळाचा वेष चढवतो आणि गरीब वस्तीतल्या भुरट्या चोरांची हाडं मोडतो. एवढे पैसे आहेत तर दवाखाने काढ, शाळा काढ, लोकांना कामं दे, गुन्हे आपोआप कमी होतील. यावर चाहते चिडून सांगतात, तो हे सगळं करतोच, तुम्ही कॉमिक्स वाचलेली नाहीत. मग दोन्ही बाजू जिंकल्याच्या आनंदात आपापल्या घरी जातात.

दोघांचंही अर्धंअर्धं खरं आहे. पण बॅटमॅन किती देतो यापेक्षा मला एक वेगळाच प्रश्न जास्त छळतो. तो जे करतो त्याचा जाब त्याला विचारू शकेल असं गॉथममध्ये कोणी आहे का? तिथवर पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल. वाटेत पैसा लागेल, कायदा लागेल आणि तत्त्वज्ञानातले दोन जड शब्द लागतील.

## ज्यांनी बॅटमॅन पाहिलाच नाही त्यांच्यासाठी

मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांची ही निर्मिती. नीतीचाच विषय निघाला आहे तर सांगून टाकतो, कित्येक दशकं निर्माता म्हणून नाव छापलं जायचं ते एकट्या केनचं. फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याला अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टीतला पहिला अन्याय गॉथमच्या गल्लीत न होता तिच्या निर्मात्यांच्या टेबलावरच झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. गॉथम नावाच्या शहरातलं एक गडगंज श्रीमंत जोडपं, थॉमस आणि मार्था वेन. एका लुटारूने लहानग्या ब्रूसच्या डोळ्यांसमोर दोघांनाही गोळ्या घातल्या. पोरगा शपथ घेतो, जगभर हिंडून मारामारीपासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं शिकतो आणि परत येऊन मुखवटा चढवतो. तो परग्रहावरून आलेला नाही, त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर तो मरेल. त्याच्याकडे शरीर आहे, बुद्धी आहे आणि बापाची कंपनी आहे. ज्या शहरात हे सगळं घडतं ते गॉथम म्हणजे न्यूयॉर्कचंच जुनं टोपणनाव. म्हणून पुढचे आकडे मी न्यूयॉर्कचे घेतो आहे.

## नऊ अब्ज डॉलर म्हणजे नेमके किती?

'फोर्ब्स' हे मासिक गमतीने काल्पनिक पात्रांच्या संपत्तीची यादी काढायचं. २०१३च्या यादीत ब्रूस वेनची संपत्ती ९.२ अब्ज डॉलर धरली होती. (पहिला नंबर स्क्रूज मॅकडक या बदकाचा होता, पण त्याच्याकडून कोणी नीतीची अपेक्षा करत नाही.)

आता न्यूयॉर्क महापालिकेचा वर्षाचा अर्थसंकल्प पाहा. तो शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणजे ब्रूस वेनने राजवाडा, कंपनी, गाड्या, सगळं विकून पैसे शहराच्या तिजोरीत ओतले तर शहर साधारण महिनाभर चालेल. नुसतं पोलीस खातं चालवायचं म्हटलं तरी दोन वर्षं काही निघणार नाहीत, कारण त्या खात्याचा वार्षिक खर्चच पाच अब्जांच्या वर जातो.

शिवाय हे नऊ अब्ज कपाटात रचून ठेवलेले नसतात. गावाकडे वीस एकर बागायत असलेल्या माणसाला लोक करोडपती म्हणतात. त्याच्या खिशात मात्र पुढच्या हंगामापर्यंत पुरतील एवढेच पैसे असतात, कारण त्याची श्रीमंती जमिनीत आहे. ब्रूसची श्रीमंती तशीच शेअर्समध्ये आहे. ते एकदम विकायला काढले तर भाव कोसळतो, कंपनीवरचा ताबा सुटतो, आणि ती कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही.

म्हणून 'पैसे वाटून टाक, गॉथम सुधारेल' हे गणित जुळत नाही. सोसायटीतल्या एखाद्या सधन सभासदाने स्वखर्चाने नवी लिफ्ट बसवून दिली तर वार्षिक सभेत टाळ्या पडतात. पण लिफ्टचं वीजबिल, वर्षाची देखभाल, मध्येच बिघडली तर येणारा माणूस, हे सगळं दर महिन्याच्या वर्गणीतूनच भागवावं लागतं. शहरही असंच चालतं. त्याला एकदाच्या दानापेक्षा वर्षानुवर्षं येणारा कर लागतो. ब्रूसची कंपनी वेन एंटरप्रायझेस गॉथममध्ये कर किती भरते, हे मात्र मला एकाही कॉमिकमध्ये वाचल्याचं आठवत नाही. बॅटमोबाइलचं इंजिन कसं चालतं ते पानभर आठवतं.

## बुडणारं मूल आणि चिखलाने भरलेले कपडे

इथे एक हरकत येईल. सगळं शहर सुधारणार नाही म्हणून काहीच द्यायचं नाही का? अर्थातच तसं नाही, आणि हे सर्वांत टोकदारपणे मांडलं ते पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित उपाशीपोटी भारतात येत होते, तेव्हा त्याने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये छापून आला. त्यातला दाखला साधा आहे. तुम्ही तळ्याकाठून चालला आहात आणि एक मूल बुडताना दिसतं. उतरलात तर कपडे चिखलाने खराब होतील. तुम्ही कपड्यांचा विचार कराल का? नाही ना? मग सिंगर विचारतो, ते मूल समोरच्या तळ्यात न बुडता हजार मैलांवर उपाशी मरत असेल, आणि तुमच्या कपड्यांच्या किमतीत ते वाचणार असेल, तर फरक काय पडतो?

या विचाराच्या घराण्याला उपयुक्ततावाद म्हणतात. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं आणि जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करायचं, एवढंच त्याचं सूत्र.

या तराजूत बॅटमॅनला बसवला की तो घामाघूम होतो. २००५च्या चित्रपटात त्याचा चिलखती पोशाख कुठून येतो आठवा. तो पायदळातल्या सैनिकांसाठी बनवलेला असतो. पण एका पोशाखाची किंमत तीन लाख डॉलर, आणि एका सैनिकाच्या जिवासाठी एवढा खर्च हिशेबनिसांना परवडत नाही, म्हणून तो गोदामात पडून राहतो. मग कंपनीचा मालक तो घालतो. चित्रपटात हा संवाद विनोदासारखा येतो आणि जातो. सिंगरने तिथेच फिल्म थांबवली असती.

तरी एक गोष्ट या हिशेबात धरली जात नाही. ब्रूसकडे पैसा भरपूर आहे, कमी आहे ते शरीर आणि रात्री. तो खर्च करतो ते नेमकं हेच. बरगड्या, गुडघे, झोप, लग्न, म्हातारपण. चेक फाडून मोकळं होणाऱ्या धनिकापेक्षा तो नक्कीच वेगळा आहे, आणि त्याला 'हौशी श्रीमंत' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. त्याच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. पण माणूस त्याग करतो म्हणून तो करतो ते सगळं बरोबर, असं कुठे असतं?

## हा पैसा आला कुठून?

ब्रूसने हा पैसा कमावलेला नाही. कॉमिक्समध्ये वेन घराणं पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती बहुतेक वेळा पवित्रच रंगवलेली असते. खऱ्या अमेरिकेत असं घराणं शोधायचं तर माझ्या डोळ्यांसमोर अँड्र्यू कार्नेगी येतो. स्कॉटलंडहून आलेला हा गरिबाचा पोर पोलादसम्राट झाला. श्रीमंतांनी आपला पैसा हयातीतच समाजासाठी खर्च करावा, असं त्याने १८८९ मध्ये लिहिलं आणि ते बऱ्याच अंशी करूनही दाखवलं. त्याच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं उभी राहिली.

पण मधल्या काळात, १८९२ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या त्याच्या कारखान्यात मजुरी कपातीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याच्या व्यवस्थापकाने पिंकर्टन कंपनीचे सुमारे तीनशे खासगी सशस्त्र शिपाई बोटींतून आणले. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली आणि कामगारांची संघटना मोडली. पुढे १८९८ मध्ये त्याच परिसरात कार्नेगीने सुंदर ग्रंथालय उघडलं. बारा-बारा तास भट्टीसमोर राबणाऱ्याने तिथे वाचायला कधी जायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

ग्रंथालयं खरी होती आणि गोळ्याही खऱ्या होत्या. एकाने दुसरं पुसलं जात नाही. आपल्याकडे जत्रेत मोठी देणगी देणाऱ्या सावकाराबद्दल म्हातारी माणसं खालच्या आवाजात काय बोलतात, ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

## 'पण तो देतोच की!'

देतो. चाहत्यांचा हा मुद्दा बरोबर आहे. डिसेंबर १९६९च्या अंकात ब्रूस राजवाडा सोडून शहराच्या मध्यावर, वेन फाउंडेशनच्या इमारतीत राहायला जातो आणि गुन्ह्यांना बळी पडलेल्यांना मदत करण्याची योजना सुरू करतो. त्याच्या आईवडिलांचा जिथे खून झाला त्या गल्लीत लेस्ली थॉम्पकिन्स नावाची बाई आहे. १९७६ मध्ये ती कॉमिक्समध्ये आली. त्या रात्री अनाथ झालेल्या पोराला जवळ घेणारी ती. पुढच्या कथांमध्ये ती डॉक्टर आहे, गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवते आणि ब्रूसच्या मारामारीला तिचा ठाम विरोध आहे. मला विचाराल तर गॉथममध्ये नीतीच्या कसोटीवर टिकणारी ती एकटीच. पण तिच्या नावाचा टी-शर्ट मिळत नाही.

२०२१ मध्ये तर एक प्रयोगच झाला. ब्रूसचा नोकर आल्फ्रेड वारल्यावर त्याची अब्जावधींची संपत्ती पहिल्या रॉबिनला, म्हणजे बॅटमॅनचा एके काळचा पोरसवदा साथीदार आणि आता स्वतःच नाइटविंग नावाचा नायक झालेल्या डिक ग्रेसनला मिळाली. त्याने ती आल्फ्रेडच्या नावाने फाउंडेशन काढून आपल्या ब्लडहेवन शहरातल्या बेघरांसाठी लावायला घेतली. टीकाकार जे बॅटमॅनने करावं म्हणत होते, ते त्याच्या मानसपुत्राने केलं.

म्हणजे वाद मिटला? इथेच २०२२चा 'द बॅटमॅन' चित्रपट फार चांगला अडथळा घालतो. त्यात महापौरपदाची एक उमेदवार ब्रूसला तोंडावर सुनावते, की तुम्ही शहरासाठी आणखी पुष्कळ करू शकला असता, पण तुम्ही दानधर्मही करत नाही. ही झाली नेहमीची टीका. पण कथा पुढे काय सांगते? ब्रूसच्या वडिलांनी शहराच्या पुनरुत्थानासाठी खरोखरच प्रचंड निधी उभारलेला असतो. ते मारले जातात, निधीवर कोणाची देखरेख उरत नाही आणि गुंडांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्यावर ताव मारतात. ज्या अनाथ मुलांसाठी तो पैसा होता त्यांतलाच एक जण मोठा होऊन रिडलर नावाचा खुनी होतो. पैसा दिला गेला होता, आणि देऊनही विष झाला, कारण तो कुठे जातोय हे कोणी पाहत नव्हतं.

महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे. गावातल्या मारुतीच्या देवळाचा ट्रस्ट असला तरी त्याला नोंदणी करावी लागते आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. ही व्यवस्था फार कडक चालते असा माझा दावा नाही. ट्रस्टींची भांडणं ज्याने पाहिली आहेत तो हसेल. पण त्यामागची कल्पना महत्त्वाची आहे. दान दिलं की तो पैसा तुमचा उरत नाही, आणि तो कसा खर्च होतो हे विचारण्याचा अधिकार इतरांना मिळतो. वेन फाउंडेशनला असा प्रश्न विचारणारं कोणी पात्र माझ्या वाचनात आलेलं नाही.

## बॅट-सिग्नल आणि कायद्यातली फट

आता ठोशांकडे येऊ. हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळ्यांत मजेदारही हाच.

अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या चौथ्या दुरुस्तीनुसार सरकार कारणाशिवाय कोणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही. पोलिसांनी बेकायदा घुसून पुरावा मिळवला तर न्यायालय तो सहसा बाद करतं. पण हे बंधन सरकारवर आहे. १९२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरवलं की खासगी माणसांनी कोणाचे कागद पळवून सरकारला आणून दिले, आणि सरकारचा त्यात हात नसेल, तर ते पुरावा म्हणून चालतील. पळवणाऱ्याने गुन्हा केला असेल, पण पुरावा जिवंत राहतो.

बॅटमॅनसाठी ही फट सोन्याची. तो काच फोडून आत शिरेल, फायली उचलेल आणि पोलीस ठाण्याच्या दारात ठेवून निघून जाईल. अडचण सुरू होते ती गच्चीवर. गॉथमचा पोलीस कमिशनर गॉर्डन बॅटमॅनला बोलावण्यासाठी ज्या क्षणी आकाशात वटवाघळाचा झोत, म्हणजे बॅट-सिग्नल, सोडतो, त्या क्षणी हा माणूस खासगी राहत नाही. तो पोलिसांच्या सांगण्यावरून काम करणारा त्यांचा हस्तक होतो आणि पोलिसांवरची सगळी बंधनं त्यालाही लागू होतात. जामिनावर सुटलेल्या गुंडाचा वकील याच एका मुद्द्यावर अर्धं गॉथम तुरुंगातून बाहेर काढेल.

गॉर्डनला मात्र दोन्ही हवं आहे. काम आपलं व्हावं आणि हात आपले असू नयेत. 'साहेबांनी काही सांगितलं नव्हतं, मुलांनी स्वतःहून केलं' हे वाक्य आपण राजकारणात किती वेळा ऐकलंय! बॅट-सिग्नल म्हणजे तेच वाक्य, फक्त ढगांवर लिहिलेलं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१९च्या एका व्याख्यानात राज्यसंस्थेची व्याख्या केली. एका प्रदेशात बळ वापरण्याचा वैध अधिकार ज्या एकाच संस्थेकडे असतो ती राज्यसंस्था. व्याख्या कोरडी वाटते, पण तिच्यामागे शहाणपण आहे. लाठी एकाच हातात असली तर त्या हाताला निदान बेडी तरी घालता येते. निलंबन, चौकशी, खटला, निवडणूक या त्या बेड्या. बॅटमॅनला यांतली एकही लागू नाही.

'पण बॅटमॅन कधी चुकीच्या माणसाला मारत नाही ना!' बरोबर. पण ते आपल्याला कसं कळतं? लेखकाने आधीच्या पानावर आपल्याला तो गुन्हा करताना दाखवलेला असतो म्हणून. खऱ्या आयुष्यात आधीचं पान नसतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. पाचही जण निरपराध होते. त्या जमावालाही आपण मुलांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. बॅटमॅन म्हणजे तो जमाव असं मला म्हणायचं नाही. तो हुशार आहे, संयमी आहे, पुरावे तपासतो. पण त्याची खात्री आणि त्या जमावाची खात्री यांत फरक आहे हे ठरवायला तिसरं कोणी नाही, एवढंच मला दिसतं.

## जोकरला तो मारत का नाही?

हा चाहत्यांचा सर्वांत आवडता प्रश्न. बॅटमॅनचा कायमचा वैरी जोकर सुटतो, माणसं मारतो, बॅटमॅन त्याला पकडून मनोरुग्णालयात टाकतो, तो परत सुटतो. मग बॅटमॅनच्या हातून न मेलेला जोकर पुढे जेवढी माणसं मारेल त्यांचं रक्त कोणाच्या हातावर?

उपयुक्ततावाद्याचं उत्तर तयार आहे, एक मारा आणि शंभर वाचवा. याच्या उलट बाजूला कर्तव्यवाद आहे. काही गोष्टी परिणाम कितीही चांगले असले तरी करायच्याच नाहीत, आणि माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही, असं हा विचार सांगतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट हा त्याचा मूळपुरुष. बॅटमॅन या बाबतीत कट्टर कर्तव्यवादी आहे.

जन्मापासून मात्र तो तसा नव्हता. सुरुवातीच्या वर्षभरात त्याने माणसं मारली आहेत. १९४० मध्ये तर त्याने विमानातून मशीनगन चालवली. त्यानंतर संपादकांनी नियम केला, यापुढे बॅटमॅन जीव घेणार नाही. कॉमिक्स लहान मुलं वाचत होती. थोडक्यात, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नैतिक व्रतांपैकी एकाची सुरुवात संपादकीय बैठकीत झाली.

या प्रश्नावर मी बॅटमॅनच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण कांट नाही. जोकरला न्यायालयाने फाशी दिली नाही, राज्याच्या तुरुंगाने त्याला नीट कोंडलं नाही, कायदेमंडळाने काही बदललं नाही. या सगळ्यांना सोडून आपण मुखवटा घातलेल्या एका माणसाला विचारतो, तू का नाही मारलंस? मुळात खुनाचा अधिकार त्याला द्यायला आपण इतके उतावीळ का आहोत?

फक्त या व्रताला अहिंसा म्हणू नये. गुडघा फुटून जन्मभर लंगडणारा वखारीवरचा चौकीदारही जिवंतच मोजला जातो.

## रॉबिनचं वय

पैशावर आणि जोकरवर रान उठवणारे लोक या मुद्द्यावर मात्र गप्प का असतात, मला कळत नाही. एप्रिल १९४० मध्ये बॅटमॅनने सर्कशीतल्या एका अनाथ मुलाला घरी आणलं, रंगीत कपडे घातले आणि बंदुका घेतलेल्या गुंडांसमोर उभं केलं. स्वतः काळ्या कपड्यांत, पोरगं पिवळ्या-लाल. त्यानंतर एकामागून एक रॉबिन आले. दुसरा, जेसन टॉड, १९८८ मध्ये जोकरच्या हातून मेला. तो मरावा की जगावा हे वाचकांच्या फोनवरून ठरलं, एका फोनला ५० सेंट. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. अवघ्या ७२ फोनांचा फरक. (आणि वाचक म्हणून आपण नीतीवर प्रवचन द्यायला बसलो आहोत.)

बॅटमॅनने त्यानंतरही नवा रॉबिन घेतलाच. ज्याच्यावर कोणाची देखरेख आहे असा कुठलाही पालक, कुठलीही शाळा, कुठलंही अनाथालय हे करू शकलं नसतं. दुसऱ्याच दिवशी बालकल्याण खात्याचा माणूस दारात उभा राहिला असता. राजवाड्याच्या दारात तो उभा राहत नाही.

## 'अहो, गोष्ट आहे ती!'

आहेच. गॉथम सुधारलं तर कॉमिक बंद पडेल, म्हणून गॉथम कधीच सुधारणार नाही. तिथे दान फसतंच, न्यायालय झोपतंच आणि ठोसा लागतोच. त्या जगाच्या नियमांत बॅटमॅन आवश्यक आहे, कारण ते जग त्याला आवश्यक ठरवण्यासाठीच रचलेलं आहे. म्हणून ब्रूस वेनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मलाही रस नाही. मला रस आहे तो टाळ्यांमध्ये. व्यवस्था सडली आहे, आता एखादा खमक्या हवा, असं आपण चहाच्या टपरीवर म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर जो येतो, त्याची उंची, आवाज आणि झगा कुठून आला?

## फॉक्सने घातलेली अट

या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक उत्तर बॅटमॅनच्याच एका चित्रपटात आहे, २००८च्या 'द डार्क नाइट'मध्ये. जोकरला शोधण्यासाठी ब्रूसने शहरातल्या प्रत्येकाचा मोबाइल हेरगिरीचं यंत्र बनवलेला असतो. तळघरात भिंतभर पडदे, लाखो लोकांचे आवाज. कंपनीचा प्रमुख लूशियस फॉक्स ते पाहतो. वर्षानुवर्षं गाड्या, चिलखतं, दोर, सगळं पुरवणारा हा माणूस तिथे थांबतो. एका माणसाच्या हाती इतकी सत्ता असणं चूक आहे, असं तो सांगतो. फक्त एकदा मदत करीन, पण हे यंत्र या कंपनीत आहे तोवर मी इथे नसेन.

ब्रूस वाद घालत नाही. यंत्र चालवण्याची मुभा त्याने स्वतःकडे न ठेवता आधीच फॉक्सला दिलेली असते. काम झालं की तुमचं नाव टाइप करा, एवढंच तो सांगून ठेवतो.

जोकर पकडला जातो. फॉक्स नाव टाइप करतो. पडद्यांमधून ठिणग्या उडायला लागतात, एकेक ओळ विझत जाते, आणि तो पाठ फिरवून बाहेर चालू लागतो. चालता चालता त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू येतं.